नवजात बाळाच्या वर्तनाविषयी एका नव्या बापाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च (दिवस ०)

मापनयंत्रे तपासून त्यांच्यातील चूक शोधणे हा माझा पेशा आहे, आणि कोणतेही नवे काम हाती आले की पहिल्याच दिवशी वही उघडून रकाने आखायचे ही माझी जुनी सवय आहे. आज पहाटे मुलगी जन्मली आणि दुपारी मी तीच सवय पाळली. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष काय दिसले ते, तिसऱ्यात निर्णय. निर्णयाचे शेरे तीनच ठरवले आहेत: 'नेहमीचे', 'लक्ष ठेवावे' आणि 'आत्ताच डॉक्टरांना दाखवावे'. मुदत सहा आठवडे. जन्माचे वजन २,९०० ग्रॅम, डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटर.

पहिला प्रश्न अर्ध्या तासातच पडला. अंग गुलाबी होते, पण तळहात आणि तळपाय निळसर दिसत होते. परिचारिकेने हातपाय सोडून ओठ आणि जीभ पाहायला सांगितले. दोन्ही गुलाबी होती. पहिले एक-दोन दिवस हातापायांच्या टोकांकडे रक्त कमी पोहोचते म्हणून तेथे निळसर छटा राहते, मात्र तोच रंग जिभेवर दिसला तर क्षणभरही थांबायचे नसते. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या गुणपद्धतीत रंग, हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर आणि प्रतिसाद या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात, आणि पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा गुण फार थोड्या बाळांना मिळतात, याचे मोठे कारण हे निळे हातपायच असतात. आमच्या मुलीला पहिल्या मिनिटाला आठ आणि पाचव्या मिनिटाला नऊ गुण पडले. एखादे यंत्र दहापैकी नऊ गुणांचे निघाले असते तर मी ते परत पाठवले असते, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

४ मार्च (दिवस १)

पहिली शी जन्मानंतर अकराव्या तासाला झाली. ती काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट आणि वास नसलेली होती. निर्णय: नेहमीचे. ही शी पहिल्या २४ तासांत व्हावी अशी अपेक्षा असते. ४८ तास उलटूनही झाली नाही तर आतड्यांची तपासणी करावी लागते. शूसाठी पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असा चढता हिशेब सांगितला गेला असून पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट असावेत असे सांगण्यात आले. हे मला समजणाऱ्या भाषेत होते, त्यामुळे बरे वाटले.

५ मार्च (दिवस २)

सकाळच्या लंगोटावर विटेच्या चुऱ्यासारखा तांबूस डाग होता. मी तो रक्ताचा समजून लंगोट हातात घेऊन परिचारिकांच्या टेबलापर्यंत धावलो. डाग रक्ताचा नव्हता. दाट मूत्रातील युरिक आम्लाच्या क्षारांचा होता. पहिल्या दोन-तीन दिवसांत, दूध पूर्ण उतरलेले नसताना, असे डाग दिसतात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही ते दिसत राहिले तर मात्र बाळाच्या पोटात दूध पुरेसे जात नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. म्हणजे तोच डाग दुसऱ्या दिवशी 'नेहमीचे' आणि सहाव्या दिवशी 'दाखवावे'. वहीत वयासाठी वेगळा रकाना नव्हता. तो आज आखला.

काल दिवसभर मुलगी झोपाळलेली होती आणि रात्री मात्र नऊपासून पहाटे चारपर्यंत जवळजवळ सलग अंगावर होती. पत्नीला वाटले की दूधच येत नाही. दुसऱ्या रात्री बाळांनी असे वारंवार पिणे अगदी सामान्य असून त्या ओढण्यानेच दूध उतरायला चालना मिळते, असे स्तनपानाचे मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी समजावले. या दिवसांतला चीक मोजायला गेलो तर थेंबांनी किंवा चमच्यांनीच मोजावा लागतो, परंतु बाळाचे पोटही तेवढेच असते.

६ मार्च (दिवस ३)

निघण्यापूर्वी वजन केले: २,७२० ग्रॅम, म्हणजे १८० ग्रॅम घट, जन्मवजनाच्या सहा टक्क्यांहून किंचित अधिक. गर्भातील जादा पाणी शरीराबाहेर जात असल्याने पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंतची घट फारशी कोणाला चिंतेची वाटत नाही आणि दहा टक्क्यांच्या जवळ गेल्यास पाजण्याची पद्धत तपासतात. दहा ते चौदा दिवसांत वजन पुन्हा जन्माच्या आकड्यावर यावे.

घरी आल्यावर खरी रात्र सुरू झाली, कारण विचारायला कोणी नव्हते. रात्री दीड वाजता मला जाणवले की मुलीचा श्वास थांबला आहे. पोट हलत नव्हते. मी हात पुढे केला तोच तिने भराभर सात-आठ श्वास घेतले, मग संथपणे काही, आणि पुन्हा ती थांबली. मी घड्याळ काढले. पंधरा सेकंदांत सहा श्वास, म्हणजे मिनिटाला २४. पुढच्या पंधरा सेकंदांत एकोणीस, म्हणजे मिनिटाला ७६. पहिल्या आकड्याने ती बेशुद्ध ठरत होती आणि दुसऱ्याने न्यूमोनियाची रुग्ण, पण प्रत्यक्षात ती ओठांची चोखल्यासारखी हालचाल करीत शांत झोपली होती.

येथे चूक माझ्या मोजण्याच्या पद्धतीत होती. नवजात बाळाचा श्वास समान अंतराने चालत नाही. मेंदूतील श्वासाचे नियंत्रण अजून पक्के न झाल्याने तो झटक्यांनी चालतो, मध्येच पाच ते दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा वेग घेतो. बदलती राशी मोजताना थोडा नमुना घेऊन चारने गुणायचे नसते हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना दरवर्षी शिकवतो. पूर्ण मिनिट मोजले तेव्हा आकडा ४४ आला. पुन्हा मोजले, ४७. शांत बाळात मिनिटाला ३० ते ६० ही नेहमीची मर्यादा आहे. साठ किंवा त्याहून अधिक आकडा आला तर लगेच पुन्हा पूर्ण मिनिट मोजायचे आणि दुसऱ्यांदाही तसाच आला तर बाळाला दाखवायचे. न मोजता, दिसताक्षणी निघण्याच्या खुणा वेगळ्या आहेत: श्वास वीस सेकंद किंवा अधिक थांबणे, बरगड्यांखाली छाती खोल आत ओढली जाणे, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हणे, नाकपुड्या फुलणे, जीभ निळी पडणे. ही यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे. पोट हलते आणि छाती फारशी हलत नाही, हाही प्रश्न त्याच रात्री सुटला: बाळे मुख्यत्वे श्वासपटलाने श्वास घेतात, म्हणून पोट वर-खाली होते.

७ मार्च (दिवस ४)

दर तीन तासांनी वाजणारा गजर लावला होता. आज तो वाजण्याआधी चाळीस मिनिटे मुलगी मूठ तोंडाकडे नेऊन, तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवत होती, आणि वेळ झालेली नाही म्हणून मी तिला थोपटत राहिलो. शेवटी ती एवढी रडली की पाजताना स्तन तोंडात धरेना. पत्नी म्हणाली, "तू वेळ लिहितोस, पण ती काय सांगते आहे ते पाहत नाहीस." तिचे म्हणणे बरोबर होते. भुकेची खूण म्हणून रडणे बरेच उशिरा येते. आधी ओठ चाटणे, मूठ चोखणे, गालाला काही लागले की त्या बाजूला तोंड वळवणे या खुणा येतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे होते, पण ते समान अंतराने होईलच असे नाही. गजर काढलेला नाही, कारण वजन जन्माच्या आकड्यावर येईपर्यंत फार वेळ झोपलेल्या बाळाला उठवून पाजावे असा सल्ला आहे. इतकेच की यापुढे गजर उशीर होऊ नये यासाठी आहे, तिला थांबवण्यासाठी नाही.

८ मार्च (दिवस ५)

कावीळ. काल संध्याकाळी दिव्याच्या उजेडात ती मला छान गोरी दिसत होती आणि आज सकाळी खिडकीपाशी चेहरा आणि छाती पिवळी दिसली. कपाळावर बोट हलके दाबून सोडले असता खालची त्वचा पिवळसर दिसते, ही साधी चाचणी परिचारिकेने शिकवली होती.

याची यंत्रणा समजून घेतली तेव्हा भीती बरीच ओसरली. गर्भात प्राणवायू कमी असल्याने बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात, त्यांचे आयुष्य मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा कमी असते, त्या मोडल्यावर बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते, आणि ते बाहेर टाकायचे काम ज्या यकृताने करायचे ते अजून नवशिके असते. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी सुमारे ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते; ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचते आणि दोन आठवड्यांत उतरते. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच नेहमीची समजत नाहीत. पिवळेपणा चेहऱ्यापासून खाली पायांकडे पसरत जातो. तरीही डोळ्यांनी केलेला अंदाज भरवशाचा नसतो, विशेषतः सावळ्या त्वचेवर. म्हणून आज दवाखान्यात नेऊन त्वचेवर टेकवायच्या मापकाने पातळी पाहिली. तिच्या वयाच्या तासांनुसार उपचाराची जी रेषा आखलेली असते तिच्या बरीच खाली निघाली. पातळीचा अर्थ तासांच्या हिशेबात लावतात हे मला फार आवडले.

आईने फोनवर बाळाला उन्हात ठेवा असे सुचवले. या सल्ल्याचा इतिहास खरा आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉचफर्ड येथील रुग्णालयातील सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत आणि एका बाळाच्या अंगावर जेथे ऊन लागले तेवढाच भाग फिका झालेला त्यांच्या लक्षात आला. पुढे खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन कमी भरले, आणि १९५८ साली तेथील डॉक्टरांनी प्रकाशोपचाराची पद्धत प्रसिद्ध केली. तथापि आज जो निळा प्रकाश वापरतात त्याची तीव्रता मोजलेली असते, उन्हाची नसते, आणि पातळ कातडीचे बाळ उन्हात भाजू शकते किंवा तापू शकते. आईला मी ही सगळी हकिकत सांगितली. "मग ऊन बरोबरच होते की," असे ती म्हणाली, आणि मी वाद घातला नाही. मुलीला उन्हात ठेवलेही नाही. लक्ष कशावर ठेवायचे ते लिहिले आहे: पिवळेपणा पायांपर्यंत पोहोचणे, प्यायला उठवूनही न उठणे, दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शीचा रंग. ती पांढरट किंवा चिकणमातीसारखी फिकी झाली तर पित्तमार्ग बंद असण्याची शक्यता असते आणि तेथे दिवस वाया घालवता येत नाहीत. आजची शी मोहरीच्या दाण्यांसारखी पिवळी आणि पातळ आहे.

१० मार्च (दिवस ७)

वजन २,७९० ग्रॅम. पिवळेपणा पोटावरून हटला आहे.

दचकण्याविषयी. पाळण्यात ठेवताना डोके किंचित मागे गेले की दोन्ही हात बाजूला फेकले जातात, बोटे पसरतात, मग हात कवेत घेतल्यासारखे परत जवळ येतात आणि बहुधा रडू येते. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले आणि तिला त्यांचेच नाव आहे. ती दिसणे चांगले. चार ते सहा महिन्यांत ती मावळते. एकच हात उडत असेल आणि दुसरा पडून राहत असेल तर डॉक्टरांना सांगावे, कारण खांद्याकडच्या नसांना किंवा गळपट्टीच्या हाडाला इजा झालेली असू शकते. आमच्याकडे दोन्ही हात सारख्याच जोराने उडतात. पाळण्यात ठेवताना आधी पाय, मग कंबर आणि सर्वांत शेवटी डोके टेकवले तर दचकणे कमी होते.

हनुवटी आणि पाय थरथरतात, हा वेगळा प्रश्न. थरथर आणि झटका (फिट) यांतला फरक ओळखण्याची युक्ती मला विशेष वाटली: थरथरणारा पाय हाताने हलकेच धरला की थरथर थांबते, झटक्याची हालचाल धरूनही थांबत नाही आणि तिच्याबरोबर डोळे एका बाजूला खिळणे किंवा श्वास अडखळणे असू शकते. धरून पाहिले, थांबली.

११ मार्च (दिवस ८)

किरकोळ प्रश्न एकत्र निकालात काढतो. शिंका: सर्दी नाही, नाक साफ करण्याचा तिच्याकडे असलेला तोच एक मार्ग आहे. उचक्या: गर्भातही लागत असत, पत्नीने मला तेव्हा पोटाला हात लावून दाखवल्या होत्या, बाळाला त्यांचा त्रास होत नाही, आपल्यालाच होतो. नाकावरचे पांढरे बारीक ठिपके: फोडायचे नाहीत, आपोआप जातात. अंगावरची तांबडी चट्टेवजा पुरळ: एका जागी उमटते, काही तासांत दुसरीकडे जाते, पाण्याने किंवा पुवाने भरलेले फोड आले तर दाखवायचे. घोट्याजवळची कातडी सोलवटते: जन्मापूर्वी नऊ महिने पाण्यात होती, आता हवेत आहे. छाती किंचित सुजल्यासारखी आणि लंगोटावर चिमूटभर रक्ताचा अंश: दोन्ही आईच्या संप्रेरकांचे उतरते परिणाम, छाती दाबून पाहण्याचा मोह कोणीही करू नये. डोळे तिरळे होतात: अधूनमधून होणारच, पहिल्या काही महिन्यांत दोन डोळ्यांचा मेळ बसतो. रडताना अश्रू येत नाहीत: पहिले काही आठवडे ते येतच नाहीत.

१४ मार्च (दिवस ११)

या प्रकल्पातील सर्वांत लाजिरवाणी नोंद. दवाखान्यातील वजनाची तारीख उद्याची असूनही मला धीर धरवला नाही आणि घरातील मोठ्या माणसांच्या काट्यावर आधी मुलीला घेऊन, मग एकटा असा उभा राहिलो. ७१.४ वजा ६८.८, म्हणजे २.६ किलो. जन्माच्या वजनापेक्षा ३०० ग्रॅम कमी! पत्नीला सांगितले, तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि पुढचे दोन तास घरात कोणी नीट बोलले नाही.

दोन तासांनी माझे डोके ठिकाणावर आले. तो काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो, त्याच्या प्रत्येक वाचनात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज असू शकते आणि दोन वाचनांची वजाबाकी केली की दोन्ही चुका एकत्र येतात. ज्या राशीत दिवसाला वीस-तीस ग्रॅमचा बदल शोधायचा आहे ती राशी या काट्याने मोजणे म्हणजे सोन्याचे वजन ट्रकच्या वजनकाट्यावर करण्यासारखे आहे. शिवाय दिवसभरात सात लंगोट ओले झाले होते, शी चारदा, आणि मुलगी पिताना गिळण्याचा आवाज येत होता; हे सगळे माझ्याच वहीत, त्याच पानावर लिहिलेले होते आणि मी एका आकड्यापुढे ते वाचलेच नाही.

१५ मार्च (दिवस १२)

दवाखान्यातील काट्यावर, विवस्त्र, पहिल्यासारखेच: २,९१० ग्रॅम. घरचा काटा माळ्यावर ठेवला आहे. पत्नीची माफी मागितली.

ओल्या लंगोटांची मोजणी विश्वासार्ह व्हावी म्हणून कोरड्या लंगोटात ३० मिलिलिटर पाणी ओतून तो हातात कसा लागतो ते पाहिले, कारण आधुनिक लंगोट ओला असूनही वरून कोरडा लागतो. नव्या बापांना हा प्रयोग करून पाहावा असे मी सुचवेन.

१७ मार्च (दिवस १४)

नाळ गळून पडली. तिला काहीही लावले नव्हते, कोरडी आणि उघडी ठेवली होती. बेंबीत थोडा ओलसर चिकटपणा आहे. भोवतालची कातडी लाल होऊन सुजली, दुर्गंधी आली किंवा रक्त थांबेना तर दाखवायचे. कावीळ संपली.

२१ मार्च (दिवस १८)

रात्रीच्या आवाजांविषयी. झोपेत ती घुरघुरते, कण्हते, आळोखेपिळोखे देते, क्षणभर डोळे उघडते, रडल्यासारखा एक सूर काढते. पहिल्या दोन आठवड्यांत अशा प्रत्येक आवाजाला मी उठून तिला उचलत होतो आणि मग ती खरोखरच जागी होत होती. नवजात बाळाची जवळपास अर्धी झोप ही हालचालीची झोप असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, श्वास अनियमित होतो, चेहऱ्यावर हसू आणि रडू आळीपाळीने उमटते. मोठ्या माणसासारखे त्या वेळी स्नायू पूर्ण सैल पडत नाहीत, म्हणून हा सगळा गोंधळ बाहेर दिसतो. तीन रात्री मी फक्त दिवा न लावता एक-दोन मिनिटे थांबलो. एकूण चौदा आवाजांपैकी नऊ वेळा ती पुन्हा शांत झाली. पाच वेळा भूक होती, आणि तेव्हाचा आवाज वाढत जातो, विरत नाही.

दिवस-रात्रीचा भेद तिला अजून नाही. तो दोन-तीन महिन्यांच्या आसपास बसू लागतो. दिवसा उजेड आणि बोलणे, रात्री अंधार आणि कमीत कमी हालचाल, एवढेच आपल्या हातात आहे. एक गोष्ट मात्र वाटाघाटीची नाही: प्रत्येक झोप पाठीवर, सपाट टणक गादीवर, उशी, दुलई आणि खेळणी यांशिवाय. बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली आणि त्यानंतरच्या काळात झोपेतील आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण दोन्ही देशांत निम्म्याहून खाली आले. पाठीवर झोपून दूध घशात अडकेल ही आईची शंका मलाही होती. पण पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरणे उलट अवघड होते.

२६ मार्च (दिवस २३)

संध्याकाळी मान गरम लागली. काखेत ३७.७. अंगावर अंगरखा, टोपी, दुपटे आणि वर आजीची शाल असे चार थर होते, आणि ती तासभर माझ्या छातीला बिलगून झोपली होती. शाल, टोपी आणि दुपटे काढून वीस मिनिटांनी पुन्हा मोजले: ३७.१. नवजात बाळाचे नेहमीचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस मानतात. ३८ किंवा अधिक भरले असते तर थर काढून वाट पाहणे हा पर्याय नव्हता. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ ताप म्हणजे त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय. या वयात गंभीर जंतुसंसर्गाची दुसरी काहीच खूण दिसत नाही असेही होते, आणि घरीच तापाचे औषध देऊन ती एकमेव खूण पुसायची नसते. ३६.५ च्या खाली उतरल्यास त्वचेला त्वचा लावून जवळ घ्यायचे आणि तरीही तापमान चढले नाही तर दाखवायचे. ही बाळे थंडीने कुडकुडत नाहीत, पाठीवरची व मानेजवळची तपकिरी चरबी जाळून ऊब निर्माण करतात, त्यामुळे ती गारठली आहेत हे पाहून कळत नाही. हातपायांच्या गारपणावरून काही ठरवू नये, मान किंवा पोट पाहावे.

४ एप्रिल (दिवस ३२)

गेले आठ दिवस संध्याकाळी सहा ते साडेनऊ रडणे. पाजले, ढेकर काढला, लंगोट बदलला, कपडे सैल केले. हातापायांच्या बोटांना केस गुंडाळला गेला आहे का हेही पाहिले. गळलेला लांब केस बोटाभोवती आवळला गेला की रक्तपुरवठा बंद होतो आणि बाळ थांबता थांबत नाही, म्हणून ही तपासणी वहीत कायमची घातली आहे. काही सापडले नाही. ताप नाही, पिणे चांगले, बाकी दिवस शांत.

टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली ८० बाळांच्या आयांनी ठेवलेल्या रोजनिशीवरून रडण्याचा आलेख काढला होता. दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास जाते आणि नंतर उतरत जाते. त्यातले बरेच संध्याकाळी असते. निरोगी बाळ दिवसात तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक, तीन आठवड्यांहून अधिक काळ रडले तर त्याला पोटशूळ म्हणण्याची व्याख्या १९५४ पासून चालत आली आहे. आमचा गेल्या आठवड्याचा सरासरी आकडा दोन तास पन्नास मिनिटे. आलेखाच्या ऐन शिखराकडे आम्ही चाललो आहोत, आणि शिखराच्या पलीकडे उतार असतो हे ठाऊक असल्याने रडणे कमी झाले नसले तरी कारण शोधण्याची माझी धडपड कमी झाली आहे.

२०२२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी सुचवलेली पद्धत करून पाहिली: बाळाला घेऊन पाच मिनिटे सलग चालायचे, झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटे बसून तसेच धरायचे, मगच पाळण्यात ठेवायचे. त्यांचा अभ्यास लहान, २१ बाळांचा होता. माझा एका बाळाचा: नऊ प्रयत्नांपैकी पाच यशस्वी.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. परवा रात्री साडेआठला, तिसऱ्या तासाला, मला तिचा राग आला. हात घट्ट झालेले जाणवले. मी तिला पाठीवर पाळण्यात ठेवले, दार ओढून घेतले, स्वयंपाकघरात जाऊन दहा मिनिटे उभा राहिलो, मग पत्नीला उठवले. सुरक्षित ठेवलेल्या बाळाचे दहा मिनिटे रडण्याने काही बिघडत नाही. संतापाच्या भरात काही सेकंद हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे मी आधी वाचले होते, तेव्हा ते दुसऱ्या कोणत्या तरी बापांसाठी लिहिले आहे असे मला वाटले होते.

९ एप्रिल (दिवस ३७)

दूध ओकणे. प्रत्येक पाजण्यानंतर पांढरी गुळणी येते आणि आईला वाटते की सगळे दूध बाहेर पडले. पाच मिलिलिटर पाणी दुपट्यावर ओतून पाहिले. डाग तळहाताहून मोठा पडला. अन्ननलिकेच्या खालची झडप अजून सैल असल्याने दूध वर येते, आणि वजन वाढत असेल तर हा प्रश्न कपडे धुण्याचा राहतो. याच वयात, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, जठराचे खालचे तोंड जाड होऊन बंद होण्याचा विकार उद्भवतो. त्यात ओकारी फवाऱ्यासारखी लांब जाते, बाळ लगेच पुन्हा भुकेले होते आणि वजन घटते. हिरवी ओकारी कोणत्याही दिवशी 'आत्ताच'.

शी करताना दहा मिनिटे कुंथून, लालबुंद होऊन, शेवटी मऊ शी होते. ही बद्धकोष्ठता नव्हे. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे हा मेळ तिला अजून साधायचा आहे.

१४ एप्रिल (दिवस ४२)

सहा आठवड्यांची तपासणी. वजन ३,८६० ग्रॅम, डोक्याचा घेर ३७.५ सेंटिमीटर. टाळू मऊ आणि सपाट. नाडीबरोबर हलते ते योग्यच आहे. मागची लहान टाळू जवळपास भरली आहे, पुढची भरायला दीड वर्षापर्यंत वेळ लागू शकतो. डॉक्टरांनी चाळीस पानांची वही चाळली, वजनाचे पान वाचले आणि बाकी मिटून विचारले की ती नीट पिते का आणि जागी असताना तुमच्याकडे पाहते का. पिते. पाहते, वीस-तीस सेंटिमीटरवरून चेहऱ्याकडे एकटक, आणि रविवारी सकाळी जागी असताना, मी बोलल्यावर, हसली. झोपेतले हसू याआधी बावीस वेळा नोंदवले आहे, ते वेगळे.

अठ्ठेचाळीस प्रश्नांपैकी सत्तेचाळीस बंद. उरलेला एक: ती मान सतत उजवीकडे ठेवते आणि डोक्याची ती बाजू थोडी चपटी होऊ लागली आहे. डॉक्टरांनी मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का ते पाहिले. डावीकडे किंचित कमी वळते. पाळण्यातली दिशा रोज बदलायची, डावीकडून बोलायचे, जागी असताना आपल्या नजरेसमोर दिवसातून काही वेळा पालथे ठेवायचे. झोप पाठीवरच. शेरा: लक्ष ठेवावे. पुन्हा दाखवण्याची तारीख १२ मे.